काचेच्या पेटीतली सुई आणि मेडिकलमधली बाटली

पत्र :

डॉक्टरबाई, आमचं गाव केज तालुक्यात. पहिलंच लेकरू, मुलगा. दिवस भरायच्या आधी, ३४ व्या आठवड्यात झाला. वजन १ किलो ८०० ग्रॅम. जन्मल्याबरोबर धाप लागत होती म्हणून अंबाजोगाईला काचेत ठेवलं. सात दिवस सलाईनच्या नळीतून अँटिबायोटिकच्या सुया दिल्या. घरी आल्यावर चांगला होता. तिसऱ्या महिन्यात सर्दी झाली, तर एका दवाखान्यात पातळ औषध दिलं. पाचव्या महिन्यात परत सर्दी-खोकला, तेव्हा यांनी तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच बाटली आणली. दोन्ही वेळा ताप नव्हता, दूध सोडलं नव्हतं. त्यावर जुलाब लागले, तर दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरं अँटिबायोटिक दिलं. आता सात महिन्यांचा आहे, वजन ६ किलो ७००. पोट गुरगुरतं, गॅस होतो. आत्याबाई म्हणतात, सुयांनी लेकराची आतडी जळाली, गुटी चालू कर. भावानं मोबाइलवर बातमी पाठवली की जन्मल्या-जन्मल्या अँटिबायोटिक दिलेल्या पोरांची वाढ खुंटते. मेडिकलवाला चांगल्या जंतूंची पुडी घ्या म्हणतो. दिवाळीनंतर आम्हाला ऊसतोडीला कारखान्याला जायचंय. माझ्या लेकराचं पोट कायमचं बिघडलं का? त्या सुयांना मी नाही म्हणायला पाहिजे होतं का?

उत्तर :

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला रात्री छळत असणार. त्या सुयांना तुम्ही नाही म्हणायला नको होतं. कमी दिवसांच्या लेकराला जन्मल्याबरोबर धाप लागते तेव्हा ती कच्च्या फुप्फुसांमुळे लागली की रक्तात जंतू शिरल्यामुळे, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन दिवस तरी जातात. रक्तात खरोखरच जंतू असतील तर इतकं लहान लेकरू तेवढा वेळ देत नाही, काही तासांत हाताबाहेर जातं. म्हणून डॉक्टर आधी सुई सुरू करतात आणि रिपोर्ट बघून थांबवायची की पुढे न्यायची ते ठरवतात. सात दिवस लागले की कमी दिवसांत भागलं असतं, हे तुमच्या पत्रावरून मी ठरवू शकत नाही आणि ठरवणारही नाही. एवढं मात्र खरं की या बाबतीत आता डॉक्टरही पूर्वीपेक्षा जास्त जपून वागतात. अमेरिकेत एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रिपोर्टमध्ये जंतू नसतानाही ज्यांना पाच दिवस किंवा जास्त अँटिबायोटिक चालू राहिलं, त्यांच्यात आतड्याच्या एका गंभीर आजाराचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. त्यामुळे उद्या तुमच्या जावेचं किंवा नणंदेचं बाळ काचेत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना जरूर विचारा, ‘रिपोर्ट काय आला? सुई कधी बंद होणार?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

तुमच्या भावानं पाठवलेल्या बातमीकडे वळते. तिच्यामागे बहुधा फिनलंडचा अभ्यास असावा. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात बारा हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. जन्मल्यापासून पहिल्या चौदा दिवसांत अँटिबायोटिक मिळालेल्या मुलग्यांचं वजन आणि उंची पहिल्या सहा वर्षांत सरासरीनं थोडी कमी भरली. मुलींमध्ये तसं दिसलं नाही. अभ्यास खरा आहे आणि तो मी हलका लेखत नाही. पण हजारो मुलांच्या सरासरीत दिसणारा छोटा फरक एका लेकराचं भविष्य सांगत नाही. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू बातमीत आली नसेल. नवजात दिवस संपल्यानंतर, पुढच्या वर्षांत ज्या मुलांना अँटिबायोटिक मिळालं, त्यांचं वजन उंचीच्या मानानं जास्त भरलं, मुलगे आणि मुली दोघांतही. म्हणजे या औषधांचा मुलांच्या वाढीशी संबंध दिसतो, पण तो ‘खुंटते’ या एका शब्दात मावणारा नाही.

पोटात नेमकं काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण ते कळलं की कशाला भ्यायचं आणि कशाला नाही हे तुमचं तुम्हालाच उमगेल. लेकरू जन्माला येतं तेव्हा त्याच्या आतड्यात जंतू जवळपास नसतातच. जन्माच्या वाटेवर, मग आईच्या कातडीवरून आणि दुधातून ते उतरू लागतात. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या पोटात थोड्याच दिवसांत बायफिडो नावाच्या जंतूंचा जोर होतो. १९०० च्या आसपास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीतून हे जंतू पहिल्यांदा वेगळे काढले.

हे जंतू जगतात कशावर, ते तर ऐकण्यासारखंच आहे. आईच्या दुधात लॅक्टोज साखर आणि चरबी यांच्या खालोखाल ऑलिगोसॅकराइड नावाच्या खास साखरा असतात. त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार सापडले आहेत. लेकराला त्या पचवता येत नाहीत, त्याच्या पोटात त्यासाठी लागणारा पाचक रसच नसतो. त्या साखरा तशाच मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथे बायफिडो जंतू त्यांच्यावर ताव मारतात. म्हणजे तुम्ही लेकराला अंगावर घेता तेव्हा लेकराबरोबर त्याच्या पोटातले हे जंतूही जेवतात. त्या बदल्यात ते आम्ल तयार करतात, आतडं थोडं आंबट राहतं, आणि त्या आंबटपणात आजार करणाऱ्या जंतूंना पाय रोवणं अवघड जातं. नुसतं अंगावर पिणाऱ्या लेकराच्या शीला थोडा आंबूस वास येतो तो यामुळेच.

आतड्याची घडणही याच काळात चालू असते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, डोळ्यांना न दिसणारे. अन्न शोषण्याचं काम त्यांचं. प्रत्येक उंचवट्यात रक्ताच्या केसाएवढ्या नळ्यांचं जाळं असतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये २००२ साली शास्त्रज्ञांनी एकही जंतू नसलेल्या पेट्यांत वाढवलेल्या उंदरांचं आतडं तपासलं. त्यांच्यात हे जाळं अर्धवटच राहिलेलं होतं. मग त्या वयात आलेल्या उंदरांच्या पोटात जंतू सोडले, तर दहा दिवसांत जाळं पूर्ण झालं. उंदीर आणि माणूस एक नव्हे, हे खरं. तरीही मला या प्रयोगातून धीर येतो. अडलेलं काम उशिरानं का होईना, परत सुरू होऊ शकतं, असं त्यात दिसलं. आतड्याच्या आतलं अस्तर तसंही तीन ते पाच दिवसांत नवं होत असतं. म्हणून ‘आतडी जळाली’ हे आत्याबाईंचं म्हणणं मनातून काढून टाका. तसं काही झालेलं नाही.

मग अँटिबायोटिकनं होतं काय? ते आजाराच्या जंतूंसोबत बायफिडोंनाही मारतं. मोकळ्या झालेल्या जागेत क्लेबसिएलासारखे चिवट जंतू वाढतात, आणि जंतूंचे प्रकारही कमी होतात. कमी दिवसांच्या लेकरात हा फटका जरा जास्त बसतो, कारण त्याच्या पोटात मुळात थोडेच जंतू आलेले असतात, ते आईपासून दूर काचेत असतं आणि सुरुवातीला नळीनं दूध पीत असतं. औषध थांबलं की काही आठवड्यांत, काही महिन्यांत बरीचशी घडी परत बसते. अंगावर पिणाऱ्यांत ती बसायला मदत होते. दोन-तीन वर्षांच्या वयापर्यंत पोटातली जंतूंची वस्ती मोठ्या माणसासारखी होत जाते. तोपर्यंत ती घडत असते. तुमचं लेकरू सातच महिन्यांचं आहे. कायमचं बिघडलं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

पण घडी बसता बसता परत फटका, मग परत फटका, असं होऊ नये. ताई, मला खरी काळजी काचेच्या पेटीतल्या सुईची नाही. ती गरजेची होती. काळजी आहे त्यानंतरच्या बाटल्यांची.

तिसऱ्या महिन्यातली सर्दी, पाचव्या महिन्यातला सर्दी-खोकला, दोन्ही तुमच्या वर्णनावरून विषाणूचे वाटतात. ताप नव्हता, दूध सोडलं नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. विषाणूवर अँटिबायोटिक अजिबात चालत नाही. सर्दी आपल्या दिवसांनी जाते, बरं होण्याचं श्रेय उगीच त्या बाटलीला मिळतं, आणि पुढच्या वेळी तीच चिठ्ठी खिशातून निघते. मराठवाड्यात घराघरात हे चालतं. चिठ्ठी जपून ठेवणारा बाप निष्काळजी नसतो, उलट तो लेकरासाठी रोजगार बुडवून मेडिकलपर्यंत जातो. म्हणून तुमच्या मालकांना दोष देऊ नका, त्यांना हे पत्र वाचून दाखवा. तिसऱ्या महिन्यातल्या वजनाप्रमाणे लिहिलेला डोस पाचव्या महिन्यात बरोबर असतोच असं नाही, आणि मुळात त्या औषधाची गरजच नव्हती.

औषधांतही फरक असतो. फिनलंडमध्येच दोन ते सात वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात अझिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधांचा पोटातल्या जंतूंवरचा परिणाम वर्ष-दीड वर्ष रेंगाळलेला दिसला. पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांची खूण त्यापेक्षा पुसट होती. आपल्याकडे साध्या सर्दीला सर्रास दिलं जातं ते नेमकं अझिथ्रोमायसिनच. आणि मारातून वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत. लेकराला कधी खरा न्यूमोनिया झाला, तर तेव्हा औषध लागू पडायला हवं ना? त्यासाठी आज ते वाचवून ठेवायचं.

घरात असलेली बाटली उजेडात धरून बघा. लेबलवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि घ्यायचंही नाही. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक औषधं तर २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. ती विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहून तीन वर्षं नोंद जपायची असते. बाटलीत भुकटी असते आणि आपण उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून ती कालवतो. एकदा कालवलं की लेबलवर दिलेल्या थोड्याच दिवसांत ते निकामी होतं. फडताळात उरलेली अर्धी बाटली पुढच्या आजाराला वापरायची नाही, शेजारणीच्या लेकराला तर अजिबात नाही.

सर्दी साधी की छातीत उतरली, हे घरी ओळखायची एक खात्रीची रीत आहे. ती तुम्ही शिकाच. लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगरखा वर करायचा आणि पोटाकडे बघायचं. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही, कारण लेकरांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात एका मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास भरले, तर उशीर न करता दवाखाना. बरगड्यांच्या खालची जागा आत ओढली जात असेल, लेकरू पीत नसेल, मलूल पडलं असेल, आकडी आली असेल, तर रात्र बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. तिथे डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ते वेळेवर द्या आणि सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा. लेकरू दुसऱ्या दिवशी हसायला लागलं म्हणून बंद करू नका. श्वास ५० च्या खाली असेल, लेकरू पीत-खेळत असेल, तर नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचं दूध आणि थोडा धीर एवढंच पुरे.

चांगल्या जंतूंच्या पुडीबद्दल. या विषयात आपल्याच देशात मोठं काम झालंय. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्यानंतर पहिल्या आठवड्यात एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस जंतू आणि त्याचं खाद्य असलेली साखर दिली, तर रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. मला या कामाचा अभिमान वाटतो. पण ती बाळं दोन किलो किंवा जास्त वजनाची होती, अंगावर पिणारी होती, आणि दिलेला जंतू ठरलेल्या जातीचा, तपासलेला होता. मेडिकलमधल्या पुडीत तोच जंतू असतो असं धरून चालता येत नाही. कमी दिवसांच्या बाळांना तर अशा पुड्यांतल्या जंतूंनीच क्वचित रक्तात संसर्ग केलाय. त्यातल्या एका मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये दवाखान्यांना सावध केलं. इस्रायलमध्ये मोठ्या माणसांवर झालेल्या एका प्रयोगात अँटिबायोटिकनंतर अशी पुडी घेणाऱ्यांच्या पोटात मूळचे जंतू परतायला उलट जास्त वेळ लागला. तुमच्या लेकरासाठी ती पुडी मी लिहून दिली नसती. ते पैसे अंड्यांना लावा.

गुटीचं मी आत्याबाईंना हात जोडून सांगेन. त्यांची माया कळते. पण सहाण, उगाळायचं पाणी, बोट, कशातून काय पोटात जाईल याचा भरवसा नाही, आणि आत्ता सावरत असलेल्या आतड्याला ते नको. मध तर एक वर्षापर्यंत चाटवायचाही नाही. त्यातल्या एका जंतूच्या बीजांमुळे तान्ह्या लेकराला लकव्यासारखा आजार होऊ शकतो. आत्याबाईंना गुटीऐवजी वरणाची वाटी सांभाळायला द्या. त्यांच्या हाताला चव आहे आणि लेकरू त्यांच्याकडून खाईल.

खाण्याचं सांगायचं तर आता वेळ झालीच आहे. अंगावरचं दूध दोन वर्षं चालू ठेवायचं आणि त्यासोबत रोज दाट खाऊ. पातळ वरणाचं पाणी पाजून काही होत नाही, चमच्यातून ओघळणार नाही इतकं दाट हवं. ज्वारीची ताजी भाकरी वरणात भिजवून, कुस्करून, तूप घालून. मुगाची खिचडी. शिजवून घोटलेला भोपळा, गाजर. उकडलेलं अंडं. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट मिसळून. घरचं ताजं दही. धान्य, डाळी आणि भाज्या पोटात जायला लागल्या की त्यांच्यावर जगणारे नवे जंतू येतात आणि वस्ती भरत जाते. लोहाच्या थेंबांचंही विचारा. कमी दिवसांच्या लेकरांना ते लागतात, आशाताईंकडे मिळतील.

वजनाची भीती थोडी कमी करते. तो सहा आठवडे आधी आला, म्हणून दोन वर्षांपर्यंत त्याचं वय मोजताना ते सहा आठवडे वजा करायचे. त्या हिशेबानं तो साडेपाच महिन्यांचा आहे, आणि त्या वयाला ६ किलो ७०० ग्रॅम हे थोडं खालच्या बाजूचं पण ठीक वजन आहे. एका आकड्याला अर्थ नाही. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून कार्डावरची रेघ वर चढते का ते बघा. ती दोन महिने आडवी राहिली तर दाखवा. पोट गुरगुरतं म्हणून औषध नको. अंगावरचं पिणारं लेकरू दिवसातून सात-आठदा शी करतं किंवा चार दिवसांतून एकदा, दोन्ही चालतं, ते नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर.

आता कारखान्याचं. टोळीबरोबर गेलात की दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतो, आणि नव्या डॉक्टरला लेकराचं मागचं काही माहीत नसतं. म्हणून अंबाजोगाईचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचं कार्ड आणि आजवर दिलेल्या औषधांची नावं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर ती पुढे करा आणि विचारा, ‘याला अँटिबायोटिक खरंच लागतंय का?’ लागतंय म्हणाले तर कशासाठी, ते कागदावर लिहून घ्या.

कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, मोठी अडचण पाण्याची. पिण्याचं आणि खाऊ शिजवायचं पाणी उकळून झाकून ठेवा. भरवायच्या आधी साबणानं हात, उसाच्या फडातून आल्यावर तर आधी तेच. जातानाच आशाताईंकडून ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या मागून घ्या. जुलाब लागले तर एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चोवीस तासांत उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्यानं, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, तुमच्या दुधात विरघळवून, पूर्ण १४ दिवस, जुलाब आधी थांबले तरी. अंगावरचं दूध आणि खाऊ बंद करायचा नाही. लहान लेकरांचे बहुतेक जुलाब एवढ्यावर बरे होतात, त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लेकरू पाणीही घेईना, तर मात्र मुकादमाची परवानगी मागत बसू नका, काम तिथेच टाकून दवाखाना गाठा. रक्ताच्या हगवणीला अँटिबायोटिक लागतं, आणि त्या वेळी ते द्यायचंच.